चहांतील अमिनो आम्लांची मोजणी

तीन वर्षांमागें मीं आपल्या शेतांतील हळदीचा नमुना दोन ठिकाणीं तपासण्यास पाठविला होता. हळकुंडें एकाच पोत्यांतील. तीं कुटून दोन पुड्या बांधल्या व दोन प्रयोगशाळांकडे रवाना केल्या. एका ठिकाणाहून कुर्क्युमिनचा जो आंकडा आला त्याहून दुसरीकडचा बराच कमी होता. व्यापाऱ्यानें अर्थातच लहान आंकडा धरला व त्याप्रमाणें भाव केला. दोन्ही कागद शेजारीं ठेवून मीं ते पुष्कळ वेळां वाचले; तीस वर्षें तालुका कचेरींत आंकडे तपासण्यांत घालविलेलीं, तरी चूक कोठें आहे हें सांपडेना. पुढें कळलें तें असें कीं, चूक कोणाचीच नव्हती. एकानें पिवळ्या रंगाची एकंदर बेरीज मोजली होती व दुसऱ्यानें त्या बेरजेंतील एकच रकम निराळी काढून मोजली होती. कागदावर मात्र दोघांनींहि एकच शब्द लिहिला होता.

हा उलगडा मला झाला तो हळदीच्या पेठेंत नव्हे, तर चहाच्या मुलखांत. माझा पुतण्या निलगिरि पर्वतावर कुन्नूरजवळ चहाचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. त्याच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला, व हवा थंड आणि हातीं काम नाहीं अशा स्थितींत मी रोज त्याच्यापाशीं जाऊन बसूं लागलों. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. रसायनशास्त्राशीं माझा संबंध खतांच्या गोणीवरील अक्षरांपुरताच. तथापि जें डोळ्यांनीं पाहिलें व विचारून घेतलें, तें येथें लिहितों. आमच्या जिल्ह्यांत चहा पिकत नाहीं हें खरें. पण ज्या यंत्रावर तेथें चहा मोजतात, त्याच जातीच्या यंत्रानें आपल्या द्राक्षांतील औषधांचा अंश मोजला जातो. २०१० सालीं क्लोरमेक्वाटच्या अंशामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं व नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांस केवढा फटका बसला, हें वाचक विसरले नसतील. यास्तव हें यंत्र काय करतें व काय करीत नाहीं, हें आपणांसहि कळलेलें बरें.

प्रथम मोजावयाची वस्तु कोणती, तें पाहूं. अमिनो आम्लें हे नत्रयुक्त पदार्थ असून प्रथिनें त्यांचींच बनलेलीं असतात. परंतु पानांतील सर्वच अमिनो आम्लें प्रथिनांत गुंतलेलीं नसतात. कांहीं रसांत मोकळीं असतात व गरम पाणी ओततांच पेल्यांत उतरतात. चहाच्या पानांत या मोकळ्या आम्लांपैकीं निम्मा किंवा त्याहून अधिक वांटा एकट्या थिएनिन नांवाच्या आम्लाचा असतो. हें प्रथिनांत मुळींच सांपडत नाहीं, व चहाखेरीज फारच थोड्या वनस्पतींत आढळतें. १९४९ सालीं जपानांत क्योटो येथें साकातो याजिरो यांनीं ग्योकुरो नांवाच्या उंची चहांतून तें प्रथम वेगळें केलें. वाळलेल्या चहांत त्याचें प्रमाण साधारणतः शेंकडा एक ते दोन असतें. हिरव्या चहाला जी एक प्रकारची मधुर, जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिच्यांत थिएनिनचा मोठा हात असतो. आपण घरीं आलें घालून दुधांत जी खळखळ उकळी देतों, तिच्यांत ही चव शोधणें म्हणजे लग्नाच्या बॅंडांत सतारीचा सूर शोधण्यासारखें आहे, हें मी मोकळेपणीं कबूल करतों.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें थिएनिनची खरी गोडी निराळीच आहे. हें आम्ल पानांत नव्हे, मुख्यतः मुळांत तयार होतें. जमिनींतून घेतलेल्या नत्रापासून मूळ ग्लुटामिक आम्ल बनवितें, त्याला एथिलअमाइन नांवाचा दुसरा तुकडा जोडतें, व तयार झालेलें थिएनिन रसाबरोबर वर कोंवळ्या शेंड्याकडे चढतें. तेथें ऊन पडलें कीं तें पुन्हां फुटतें, व त्यांतील कांहीं अंश कॅटेचिन म्हणून जे तुरट पदार्थ आहेत त्यांच्या कामीं लागतो. म्हणून ऊन अधिक तर तुरटपणा अधिक. सावली अधिक तर थिएनिन अधिक. जपानी शेतकरी ग्योकुरोच्या झाडांवर तोडणीपूर्वीं सुमारें वीस दिवस आच्छादन घालतात तें याचसाठीं. आणि हें शास्त्र कळण्याच्या कित्येक पिढ्या आधींपासून ते तसें करीत आले आहेत. वसंतांतील पहिल्या तोडणींत थिएनिन अधिक, उन्हाळ्यांत कमी. कळी व कोंवळीं पानें यांत अधिक, जून पानांत कमी. नत्र घातला, विशेषतः अमोनियाच्या रूपानें, तर तें वाढतें. याचा मोह जपानी बागवाल्यांस इतका झाला कीं, त्यांनीं बेसुमार नत्र ओतला व तो नायट्रेट होऊन झऱ्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यांत उतरला. मग मात्रा आवरत्या घ्याव्या लागल्या. सारांश, थिएनिनचा आंकडा म्हणजे शेतकऱ्याच्या हातानें काय केलें त्याची नोंदच होय.

आतां ही नोंद कोणास हवी असते? दुधासाठीं बारीक दाणेदार चहा करणाऱ्या कारखान्यास ती फारशी नको असते. त्याला कडकपणा व रंग हवा. परंतु हिरवा, पांढरा किंवा जुन्या पद्धतीनें पान वळून केलेला चहा जो विकतो, त्याच्या गिऱ्हाइकास ती हवी असते. आपल्या देशांतील चहापैकीं सुमारें निम्मा चहा आतां लहान बागाईतदारांच्या पानापासून होतो, व ज्याची बाग सुमारें पंचवीस एकरांच्या आंत आहे त्यास चहा मंडळ लहान बागाईतदार समजतें. हा मनुष्य ओलें पान कारखान्यास घालतो. तेथें पान पाहून व दर्जा ठरवून भाव होतो. त्यांतील एखादा आपला स्वतःचा हिरवा चहा करून विकूं लागला, कीं लागलीच त्याच्यापुढें प्रश्न येतो: ‘तुमच्या चहांत अमिनो आम्लें किती?’ आणि येथेंच हळदीसारखी गफलत सुरू होते.

एकंदर अमिनो आम्लें मोजण्याची जुनी, स्वस्त रीत निनहायड्रिनची आहे. हें द्रव्य १९१० सालीं रूहेमान या रसायनशास्त्रज्ञानें शोधलें. चहाच्या अर्कांत तें घालून उकळत्या पाण्यांत कांहीं वेळ धरलें कीं अर्क जांभळा होतो; जितकीं आम्लें अधिक तितका रंग गडद. तो रंग ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशांत मोजावयाचा व एखाद्या माहीत असलेल्या द्रावणाच्या रंगाशीं ताडून आंकडा काढावयाचा. रीत वाईट नाहीं. पण हा आंकडा म्हणजे सबंध गांवाच्या वसुलाची एक रकम. त्यांत कोणत्या खातेदाराचे किती, हें दिसत नाहीं. शिवाय आम्ल आम्लांत रंग सारखा उठत नाहीं. प्रोलिनचा तर जांभळा न होतां पिवळा होतो. आणि अमोनिया हा अमिनो आम्ल नसतांहि रंग देऊन जातो.

बेरीज कशी फसविते याचीं दोन उदाहरणें पुतण्यानें दिलीं. पान तोडल्यावर सुकवत ठेवलें म्हणजे त्यांतील प्रथिनें फुटूं लागतात व मोकळीं अमिनो आम्लें वाढतात. बेरीज चढते, पण चढतें तें ल्युसिन, फेनिलअलानिन वगैरे, थिएनिन नव्हे. हीं दुसरीं आम्लें निरुपयोगी आहेत असें नाहीं; पुढें काळ्या चहाचा सुवास कांहीं अंशीं त्यांच्यापासूनच होतो. पण सावलीवर व खतावर खर्च केलेल्याचें श्रेय तो आंकडा देत नाहीं. दुसरें उदाहरण याहून गमतीचें आहे. १९८७ च्या सुमारास जपानांत असें आढळलें कीं, ताजें पान कांहीं तास प्राणवायु काढून नत्रवायूंत कोंडून ठेवलें, तर त्यांतील ग्लुटामिक आम्लाचें गाबा नांवाच्या दुसऱ्याच आम्लांत रूपांतर होतें. त्या चहाचा वेगळा बाजार आहे. येथें एकाचा एकच होतो. म्हणून या अदलाबदलीनें बेरीज जवळजवळ हालत नाहीं. फेरफार झाला, पण एकूण क्षेत्र तेंच! सातबारा ज्यानें लिहिला आहे त्यास हें चटकन् उमगेल.

तेव्हां आम्लें एकमेकांपासून वेगळीं केल्यावांचून गति नाहीं. हें वेगळें करण्याचें जें शास्त्र, त्यास वर्णलेखन म्हणतात. त्याचा आरंभहि झाडाच्या पानापासूनच झाला. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०३ सालीं वॉर्सा येथें त्याविषयीं प्रथम व्याख्यान दिलें. त्यानें कांचेच्या नळींत खडूची भुकटी दाबून भरली, वरून पानांचा हिरवा अर्क ओतला व मागून स्वच्छ द्रव सोडला. तेव्हां हिरवे व पिवळे पट्टे नळींत एकाखालीं एक निराळे झाले. रशियन भाषेंत त्स्वेत म्हणजे रंग, हा एक योगच म्हणावयाचा. अमिनो आम्लांस रंग नसतो; त्यामुळें त्यांची पाळी उशिरा आली. इंग्लंडांत लीड्स येथील लोकरीच्या संशोधनसंस्थेंत मार्टिन व सिंज या दोघांनीं १९४१ सालीं लोकरींतील अमिनो आम्लें वेगळीं करण्याची नवी रीत काढली, व तीबद्दल त्यांस १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मेंढीच्या लोकरीवर केलेलें काम चहाच्या पेल्यापर्यंत येऊन पोहोंचलें! पुढें न्यूयॉर्क येथें मूर व स्टाइन यांनीं स्पॅकमन यांच्या साह्यानें १९५८ सालीं आपोआप चालणारें यंत्र केलें. मूर व स्टाइन यांसहि १९७२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हल्लींच्या यंत्रांत तेंच काम अर्ध्या-पाऊण तासांत होतें.

पुतण्याच्या खोलींतील यंत्र पाहून माझी थोडी निराशाच झाली. पोटांत चाकें वगैरे कांहीं नाहीं; एकावर एक ठेवलेल्या पेट्या, वर द्रवाच्या बाटल्या, व मध्यें एक पोलादी नळी. ही नळी म्हणजे सर्व यंत्राचा जीव. ती वीतभर, २५ सेंटिमीटर लांब, व आंतून साडेचार मिलिमीटरांहून किंचित् रुंद. तींत वाळूच्याच जातीच्या सिलिकाचे कण ठासलेले असतात. कण इतके बारीक कीं एका मिलिमीटरांत दोनशें ओळीनें मांडतां येतील. त्या प्रत्येक कणावर तेलकट द्रव्याची लव चिकटविलेली असते. इतक्या दाट भरलेल्या नळींतून द्रव आपोआप उतरत नाहीं, तो रेटावा लागतो. मोटारीच्या चाकांतील हवेच्या पन्नास-पाऊणशें पट दाब पंप देतो, तेव्हां कोठें मिनिटाला एक मिलिलिटर द्रव बाहेर पडतो.

वेगळेपणा कसा होतो, तें आठवड्याच्या बाजाराच्या दाखल्यानें समजेल. दहा माणसें एकदम वेशींतून बाजारांत शिरलीं. ज्यास कांहीं घ्यावयाचें नाहीं तो सरळ पार होतो; ज्यास दर दुकानापुढें थांबण्याची खोड आहे तो दिवे लागतांना बाहेर येतो. कणांवरील तेलकट लव हीं दुकानें. पाण्याशीं ज्या आम्लाचें सूत अधिक, तें न थांबतां पुढें निघतें. तेलाशीं ज्याचें सूत, तें रेंगाळतें. वाहत्या द्रवांत हळूहळू मिथेनॉलसारखा द्रव वाढवीत नेला म्हणजे रेंगाळणारांसहि बाहेर पडावें लागतें. दाब, द्रव व उष्णमान तेंच ठेवलें, तर प्रत्येक आम्ल आपल्या ठराविक मिनिटालाच बाहेर येतें. त्यावरून त्याची ओळख पटते.

आतां नमुन्याची तयारी. चहा दळून चाळून घेतला. त्यांतील थोडा १०३ अंशांवर वाळवून ओलावा किती तें काढलें. मग बरोबर एक ग्रॅम पूड तोलून गरम पाण्यांत अर्क काढला, तो थंड करून २५० मिलिलिटर केला, व अगदीं बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळला; कारण एखादा कण नळींत गेला कीं हजारों रुपयांची नळी तुंबते. अमिनो आम्लें दिसत नाहींत, म्हणून त्यांना आधीं एक खूण बांधावी लागते. येथें ऑर्थो-थॅलाल्डिहाइड नांवाचें द्रव्य वापरीत होते, व त्याबरोबर गंधकाचें एक संयुग. त्याची दुर्गंधि अशी कीं, मी खिडकीपाशीं जाऊन उभा राहिलों. मिनिटा-दोन मिनिटांत ही खूण आम्लाला चिकटते, व ३४० नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश पडतांच निळसर चमक देते. पण ही चमक टिकाऊ नसते. म्हणून एका नमुन्याला एक मिनिट व दुसऱ्याला पांच मिनिटें असें चालत नाहीं. यंत्राची सुईच हें मिश्रण करते व नेमक्या वेळीं नळींत सोडते. प्रोलिनला ही खूण लागत नाहीं, हा या रीतींतील उणेपणा. नुसतें थिएनिन मोजावयाचें असल्यास खुणेवांचूनहि चालतें, कारण २१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तें थोडा शोषून घेतें. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें चहांतील थिएनिन मोजण्याची द्रव-वर्णलेखनाची पद्धति २०१७ सालीं मानक १९५६३ म्हणून ठरवून दिली आहे. पण त्या प्रकाशांत कॅफीन, कॅटेचिन वगैरे सगळेच दिसतात. त्यामुळें नळीनें वेगळेपणा चोख केला पाहिजे.

पडद्यावर रेघ सरकूं लागली. आरंभीं अस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांचीं शिखरें उठलीं. मग कांहीं लहानसहान टेकड्या. आणि मध्यें एकदम कळसूबाईसारखें एक शिखर वर चढलें. तेंच थिएनिन. शिखराखालील क्षेत्र जितकें मोठें तितका पदार्थ अधिक. मोजणी खात्यांतील माणसास शिखराचें क्षेत्रफळ काढणें ही ओळखीचीच गोष्ट वाटली.

मात्र क्षेत्रापासून वजन काढण्यास शुद्ध थिएनिनचें प्रमाण द्रावण हवें. समजा, लिटरला ५० मिलिग्रॅम असलेल्या द्रावणाचें क्षेत्र ४०० आलें, व आपल्या अर्काचें ४८० आलें. तर अर्कांत लिटरला ६० मिलिग्रॅम. अर्क पाव लिटर, म्हणून एकंदर १५ मिलिग्रॅम. तें एक ग्रॅम चहांतून आलें, म्हणजे शेंकडा १.५. पण चहांत शेंकडा ६ ओलावा असेल, तर कोरड्या चहावर हाच आंकडा १.६ होतो. एकानें ओल्यावर व दुसऱ्यानें कोरड्यावर लिहिलें, तर दोघेहि खरें बोलून भांडण उभें राहतें.

प्रमाण द्रावणाविषयीं पुतण्या फार काटेकोर होता, व मला त्याचें कारण लगेच पटलें. आपल्याकडील मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. ओढून ओढून ती लांबते. लांबलेल्या साखळीनें मोजलें कीं शेत कागदावर लहान होतें, व मालक ओरडतो. प्रमाण द्रावणाचें उलट आहे. शुद्ध थिएनिनच्या पुडींत ओलावा शिरला तर द्रावण नांवाला ५० व प्रत्यक्षांत ४८ राहतें, आणि त्याच्याशीं ताडलेला प्रत्येक चहा फुगून मोठा दिसतो. या वेळीं मालक ओरडत नाहीं, एवढाच फरक. म्हणून एकाच द्रावणावर न विसंबतां निरनिराळ्या पांच तीव्रतांचीं द्रावणें चालवितात, व त्यांचीं क्षेत्रें एका सरळ रेषेंत येतात कीं नाहीं तें पाहतात. शिवाय नमुन्यांत मुद्दाम ठराविक थिएनिन मिसळून तें परत किती मिळतें हें पडताळतात. घातले १० मिलिग्रॅम आणि सांपडले सातच, तर वाटेंत कोठेंतरी गळती आहे.

इतकें करूनहि यंत्र कांहीं गोष्टी सांगत नाहीं. कोंवळ्या देठांत थिएनिन भरपूर असतें, कारण मुळांतून वर जाण्याची वाट तीच. तेव्हां देठ मिसळलेला हलका चहाहि चांगला आंकडा दाखवूं शकतो. बाहेरून थिएनिन फवारून आंकडा वाढविणारे महाभागहि निघूं शकतात. रसायनशाळेंत बनविलेल्या थिएनिनांत पुष्कळदां उजव्या-डाव्या हातांसारखीं दोन रूपें समप्रमाण असतात, व पानांत बहुतेक सर्व एकच रूप असतें. यास्तव त्या दोन रूपांना वेगळें करणारी खास नळी लावली तर ही लबाडी उघडी पडते. सूक्ष्म जंतूंकडून बनविलेलें थिएनिन मात्र पानांतल्याच रूपाचें असल्यानें तेथें ही युक्ति चालत नाहीं. आणि नमुनाच जर ढिगाच्या वरच्या थरांतून उचलला असेल, तर खालच्या पोत्याविषयीं तें यंत्र बिचारें काय सांगणार?

परत निघतांना मीं पुतण्याला माझे हळदीचे दोन कागद दाखविले. त्यानें ते दोन मिनिटांत वाचले. पहिल्यांत तळाशीं बारीक अक्षरांत ‘रंगमापनानें’ असें होतें, दुसऱ्यांत ‘द्रव-वर्णलेखनानें’. हळदींत कुर्क्युमिनबरोबर त्याच्या जातीचे आणखी दोन पिवळे पदार्थ असतात. पहिल्यानें तिघांची बेरीज दिली होती, दुसऱ्यानें एकट्याचा हिस्सा. ओलावा धरला होता कीं वगळला होता, हें दोहोंतहि लिहिलेलें नव्हतें. तो म्हणाला, ‘काका, तिसरी पुडी द्या, मी ओळखीच्या ठिकाणीं तपासून घेतों.’ तिसरी पुडी मीं ठेवलीच नव्हती. ज्यानें जन्मभर पंचनाम्याच्या प्रती करून ठेविल्या, त्यानें स्वतःच्या मालाची प्रत ठेवूं नये, याची मला अजूनहि लाज वाटते. यंदा ढिगाच्या दहा ठिकाणांहून मूठमूठ घेऊन, एकत्र कुटून, तीन पुड्या केल्या आहेत. दोन पाठविल्या, व तिसरी लाखेची मोहर करून, उजेड व दमट हवा लागणार नाहीं अशी, कपाटांत ठेविली आहे. पाठविलेल्या पुड्यांबरोबरच्या पत्रांत पद्धति कोणती, आंकडा कोणत्या पदार्थाचा, व तो ओल्या मालावर कीं कोरड्या, हें लिहून देण्याविषयीं विनंति केली आहे.